इव्हॉनने तीनदा सांगितलं होतं

मिरजेला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. निखिलने हॉटेलचं बुकिंगसुद्धा केलं होतं, ते मीच कॅन्सल करायला लावलं. त्या दिवसांत मी डेट्रॉइटमधल्या एका चर्चच्या तळघरात होते, मग शाळेच्या एका रिकाम्या बसमध्ये, आणि मग हॉस्पिटलच्या एका बंद खोलीत. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते तिथलं आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी तीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, डॉक्टरांपुढे ठेवायच्या. पेशंटचा चेहरा मला कधी दिसला नाही, फक्त काचेवरचा नंबर. माझी थोरली बहीण सुधाताई छातीतल्या गाठीनेच गेली. वर्षभर तिने ती कुणाला दाखवली नाही. मी त्याच कामात असून मलाही नाही. तिची मुलगी मुक्ता तेव्हा बारावीत होती. आता ती डेट्रॉइटच्या एका विद्यापीठात पीएचडी करते. विषय असा, की तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचा स्तनाचा कॅन्सर वेळेवर का सापडत नाही, आणि सापडला तरी त्या जास्त का मरतात. मी गेले होते ती मुक्ताकडे, सहा महिन्यांच्या व्हिसावर.

ट्रॉय

मुक्ता आणि तिचा नवरा निखिल ट्रॉयला राहतात. डेट्रॉइटच्या उत्तरेचं हे उपनगर. निखिल गाड्यांच्या कंपनीत आहे, तिथले निम्मे मराठी लोक गाड्यांच्या कंपन्यांत किंवा आयटीत. एप्रिल संपत आला तरी झाडांना पानं नव्हती. खिडकीतून गवत दिसायचं, मग रस्ता, मग पुन्हा गवत. माणूस दिसला तर तो कुत्र्यामागे चाललेला.

पहिल्याच रविवारी एका घरी जेवण होतं. पुण्याची, नागपूरची, डोंबिवलीची मंडळी, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भरली वांगी, आणि मुलं तळघरात इंग्रजीत भांडत होती.

"मुक्ता, तू अजून डेट्रॉइटला एकटी ड्राइव्ह करतेस?" घरच्या काकूंनी विचारलं. "जपून जात जा गं बाई."

त्यांचे यजमान म्हणाले, "मेन प्रॉब्लेम अवेअरनेसचा आहे. ती माणसं डॉक्टरकडे जातच नाहीत. तुम्ही कितीही रिसर्च करा."

मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांपुढे सुधाताई होती.

"काका, इतकं सिंपल नाहीये ते," मुक्ता म्हणाली आणि दही वाढून घ्यायला उठली. परत येताना गाडीत तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "मावशी, तू मान डोलावलीस."

"अगं, तुझ्या आईचं..."

"आईचं आईचं होतं. शनिवारी माझ्याबरोबर चल. नायगारा कुठे पळून जात नाही."

शनिवार, चर्चचं आवार

ट्रॉयहून सरळ दक्षिणेला निघालं की एट माइल रोड नावाचा एक रुंद रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की डेट्रॉइट. एक घर, शेजारी दुसरं, मग दोन-तीन घरांची मोकळी जागा, पुन्हा एक घर. मोकळ्या जागेतलं गवत मात्र नीट कापलेलं. "शेजारीच कापतात," मुक्ता म्हणाली. "नगरपालिकेची वाट बघत नाहीत."

वाटेत तिने मला समजावलं. गोऱ्या बायकांपेक्षा ब्लॅक बायकांना हा आजार जास्त होतो असं नाही. पण झाला तर वाचतात कमी. आणि कित्येकींना तो लहान वयात गाठतो, तोही लवकर पसरणाऱ्या जातीचा.

चर्चच्या आवारात एसटीएवढी लांब पांढरी गाडी उभी होती. आत मॅमोग्रामचं, म्हणजे छातीच्या एक्स-रेचं मशीन. बायकांनी तळघरात नाश्ता करायचा, फॉर्म भरायचा आणि नंबर आला की गाडीत जायचं. सगळ्यांवर हुकूम चालत होता मिस डेनिस यांचा. साठीच्या, रुंद खांद्यांच्या, केस अगदी बारीक कापलेले. त्यांची नोकरीच ही, की तपासणीपासून उपचारापर्यंत बाईच्या बरोबर राहायचं, मध्ये तिला कुठे अडकू द्यायचं नाही. तिथे मोठ्या बाईला नुसत्या नावाने कुणी हाक मारत नाही. लग्न झालेलं असो नसो, नावाआधी मिस लावायचं. आपल्या ताई-काकूसारखंच. दहा मिनिटांत मी मिस शैला झाले.

नाश्त्याला मक्याच्या कण्यांची पांढरी पेज होती, ग्रिट्स. मला आपल्या कण्या आठवल्या. मी वर दोन चमचे साखर घातली, तर शेजारच्या आजींनी माझं मनगटच धरलं. "साखर? डेनिस, ही कुठून आणलीस?" निम्मं टेबल माझ्या बाजूने बोलायला लागलं, निम्मं विरुद्ध. मी हसत होते, तेवढ्यात दारातून एक तरुण बाई आत आली.

तिच्याबरोबर तिची म्हातारी मामी होती. तपासणी मामीची होती, ही नुसती सोबतीला. अंगात स्कूल बसच्या ड्रायव्हरचं जाकीट. तिने मामीला बसवलं, ताट आणून दिलं, कॉफी आणून दिली, सगळं उजव्या हाताने. डावा हात अंगापासून किंचित लांब, काखेत काही दुखरं जपत असल्यासारखा. सुधाताई शेवटच्या वर्षात असाच हात धरायची. तेव्हा आम्हाला वाटायचं, खांदा धरलाय.

मी उठून तिच्याजवळ गेले. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, माझं मोडकंतोडकं. मी विचारलं, "हात दुखतो का?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग माझ्याकडे असं बघू नका."

ती पाठ फिरवून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोड्या वेळाने बघते तर मुक्ता फॉर्म भरून घेत होती त्या टेबलापाशी ती उभी, हातात फॉर्म.

तिचं नाव इव्हॉन. वय अडतीस. तिची आई सेहेचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेलेली. फॉर्मवर पहिला प्रश्न वयाचा, आणि गाडीत तपासणी चाळिशीपुढच्या बायकांची होते. पुढे एक प्रश्न, तुम्हाला गाठ जाणवते का? जाणवत असेल तर गाडीत तपासत नाहीत, हॉस्पिटलात पाठवतात.

इव्हॉन मुक्ताला म्हणाली, "म्हणजे जिला गाठ नाही तिला तुम्ही तपासता, आणि जिला आहे तिला घरी पाठवता."

इव्हॉनने टेबलावरचं पेन उचललं.

"मग मी वय चाळीस लिहिते. आणि गाठ नाही असं लिहिते."

तिने पेन टेकवलं. मुक्ताने फॉर्मवर हात ठेवला.

"तसं लिहू नका," मुक्ता म्हणाली. "इथले फोटो काही त्रास नसलेल्या बायकांसाठी असतात. रिपोर्ट यायला वेळ लागतो. तुम्हाला गाठ आहे हे बघणाऱ्याला ठाऊकच नसेल, तर तो सगळं ठीक म्हणून पुढे सरकेल. मग तुमच्या हातात ठीक असल्याचा कागद असेल, आणि तोच तुमच्या आड येईल."

"माझ्या हातात आज तोही नाही."

मिस डेनिस मागून आल्या. "खरं ते लिही. पुढचं माझ्याकडे." त्या फोन घेऊन बाहेर गेल्या. तळघराच्या उंचावरच्या खिडकीतून मला त्यांचे नुसते बूट दिसत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाऊण तासाने आत आल्या. एका डॉक्टरांकडून त्यांनी तपासणीची ऑर्डर मिळवली होती. मंगळवारी सकाळी दहा, हॉस्पिटलात.

"दहा," इव्हॉन म्हणाली. "पावणेदोनला मला शाळेची बस काढायची असते." तिने कागदाची घडी खिशात घातली आणि मामीला घेऊन गेली. थँक यू म्हणाली नाही.

मंगळवार

मुक्ताला त्या सकाळी शिकवायचं होतं, म्हणून मी मिस डेनिसबरोबर गेले. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये आम्ही दहाला दहा कमी असताना बसलो. दहा वाजले, सव्वादहा वाजले. इव्हॉन फोन उचलेना.

माझ्या मनात एकच होतं, ही घाबरली आणि घरी बसली. सुधाताईला मी दोनदा रिक्षात घालून हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेलं होतं. दोन्ही वेळा ती पोट दुखतंय म्हणून परतली होती.

मी म्हटलं, "भीतीने आली नसेल."

मिस डेनिसनी गाडीची किल्ली काढली.

बस उभ्या करण्याची जागा दहा-बारा मिनिटांवर होती. जाळीच्या कुंपणामागे पिवळ्या बसच्या रांगा. सकाळच्या फेरीनंतर दुपारपर्यंत त्या तिथेच असतात. इव्हॉन तिच्या बसमध्ये, पहिल्याच बाकावर बसली होती. आम्हाला बघून तिने दार उघडलं. मी आत चढले आणि तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "बाळा, घाबरू नकोस. माझी बहीण अशीच घाबरली. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि..."

तिने हात सोडवून घेतला. ओढून नाही, हळूच.

"मिस शैला, तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण मी ती नाही. मी सांगितलंय."

मी पलीकडच्या बाकावर टेकले.

"सप्टेंबरात क्लिनिकमध्ये सांगितलं. डॉक्टर म्हणाली, तुझं वय लहान आहे, कॉफी कमी कर. माझी आई यानेच गेली म्हणून सांगितलं, तर म्हणाली, काळजीने सुद्धा दुखतं. डिसेंबरात गाठ मोठी झाली, पुन्हा गेले. तेव्हा सोनोग्राफी लिहून दिली. विम्याची मंजुरी येईल मग बोलावू म्हणाले, ते बोलावणं आलंच नाही. फेब्रुवारीत खोकल्यासाठी दुसऱ्या एकाकडे गेले, त्याला सांगितलं. तो म्हणाला, आज खोकल्याची अपॉइंटमेंट आहे." ती माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही. "तीनदा. मी लाजले नाही, लपवलं नाही. आजही मी पळाले नाही. काल संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन आला, की ऑर्डरवर एक सही कमी आहे, अपॉइंटमेंट रद्द. नवी तारीख कळवू."

"मला कुणी कळवलं नाही," मिस डेनिस म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हीच केली रद्द."

मला त्या रविवारच्या जेवणातले काका आठवले, आणि माझी डोललेली मान. ज्या बाईने तीन दारं वाजवली, तिला मी दार कसं वाजवायचं ते शिकवायला निघाले होते. मी म्हटलं, "मला माफ कर." ती म्हणाली, "ठीक आहे," पण लगेच नाही म्हणाली.

मिस डेनिसनी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. "पावणेदोनच्या आत तुला इथे परत आणते. चल."

हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, नाव यादीत नाही. मिस डेनिस म्हणाल्या, "घाला." ती म्हणाली, सहीशिवाय घालता येत नाही. मिस डेनिस तिथून हलल्या नाहीत. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मागे रांग वाढत गेली. दोनदा सुरक्षा कर्मचारी येऊन बघून गेला. इव्हॉन मला हळूच म्हणाली, "इथे आपल्याला ओरडून चालत नाही. ओरडलं की तोच विषय होतो." साडेअकरा वाजता कुणा डॉक्टरला वरून बोलावलं आणि सही झाली. बारा वाजून पाच मिनिटांनी तिला आत घेतलं.

मॅमोग्राम झाला. मग सोनोग्राफी. सोनोग्राफीला आत नेऊन बराच वेळ झाला. लॅबमध्ये काढलेल्या वर्षांनी मला एवढं शिकवलंय, की सगळं ठीक असेल तर वेळ लागत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एकला इव्हॉन बाहेर आली, जाकिटाची चेन लावत. "शुक्रवारी बायोप्सी," ती म्हणाली. "खोलीतले सगळे एकदम गोड बोलायला लागले."

एक वाजून छत्तीस मिनिटांनी आम्ही तिला बसपाशी सोडलं. तिने आरसे नीट केले, सीट पुढे ओढली आणि पोरं आणायला गेली. दोन हातांनी स्टिअरिंग धरून.

रिपोर्टचा दिवस

बायोप्सी झाली आणि पुढच्या गुरुवारी बोलावणं आलं. इव्हॉनने मिस डेनिस आणि मला दोघींना आत यायला सांगितलं. मला का, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. बसल्या बसल्या ते मिस डेनिसकडे बघून बोलायला लागले.

"मी इकडे बसलेय," इव्हॉन म्हणाली.

डॉक्टर वळले. त्यांनी सांगितलं, कॅन्सर आहे. काखेतल्या एका गाठीतही गेलाय, त्यापलीकडे गेल्यासारखा दिसत नाही. ज्या तीन खुणा बघून नेमकी औषधं देतात, त्या तिन्ही या कॅन्सरवर नाहीत. म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन. माझ्या मांडीवरच्या पर्सचा बंद मी इतका आवळला होता की बोटाला वळ उठला. ही जात मी काचेवर पाहिलेली आहे.

इव्हॉन रडली नाही. तिने विचारलं, "सप्टेंबरात सापडला असता तर काखेत गेलेला असता का?"

"ते आता सांगणं कठीण आहे."

"बरं. मग एक लिहा. मी सप्टेंबरात, डिसेंबरात आणि फेब्रुवारीत डॉक्टरांना गाठीबद्दल सांगितलं होतं. माझ्या फाइलमध्ये लिहा."

"ते इथे घडलेलं नाही, त्यामुळे..."

"मी सांगतेय म्हणून लिहा."

डॉक्टर थांबले. मग टाइप करायला लागले. झाल्यावर इव्हॉन म्हणाली, "वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं, "पेशंटचा दावा आहे की तिने तीन वेळा..."

"दावा नाही." तिने आवाज चढवला नव्हता. मिस डेनिस काउंटरवर उभ्या राहिल्या होत्या तशीच ती त्या खुर्चीत बसली होती. "दावा खोटाही असतो. मी सांगितलं होतं. 'सांगितलं' लिहा."

डॉक्टरांच्या कानशिलांना लाली चढली. त्यांनी एक शब्द खोडला, दुसरा लिहिला आणि न सांगता पडदा तिच्याकडे वळवला. तिने ती ओळ बोट ठेवून वाचली. "ठीक," ती म्हणाली. "आता केमो कधी सुरू करायची ते बोला."

त्यानंतर

मी ऑगस्टपर्यंत तिथे होते. केमोला तिला मिस डेनिस न्यायच्या, चार वेळा मीही गेले. तिच्या तोंडाला धातूची चव यायची, काही गिळवत नसे. मी मऊ भात आणि गोड लिंबाचं लोणचं नेलं. भात तिने ठेवून दिला, लोणचं बरणीसकट घेतलं. नोकरी टिकावी म्हणून केमो शुक्रवारी मागून घ्यायची आणि सोमवारी बसवर जायची. जूनमध्ये शाळा सुटली तेव्हा कुठे जरा पडून राहिली. तिच्या दोन्ही मुलांशी माझी ओळख झाली. मोठी मुलगी तेरा वर्षांची. कमी बोलायची, आणि आईचा डावा हात बघत बसायची.

मी परत आले. नोव्हेंबरात ऑपरेशन झालं, असा मुक्ताचा मेसेज आला. पुढे आठवडा काही नाही. मी कुणाला विचारत नव्हते.

मग एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते आणि फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"मिस शैला, ऑपरेशनचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आलाय. डॉक्टर दुपारी भेटणार. दुपारपर्यंत मला धीर धरवणार नाही. तुम्ही हेच वाचायचात ना?"

"वाचायचे. पण पेशंटला सांगायचं काम माझं नव्हतं."

"आज करा."

ती एकेक शब्द वाचत गेली, अडखळत, काही ठिकाणी स्पेलिंग सांगत. मापं, काप, रंगांची नावं. मी डोळे मिटून ऐकत होते आणि एकाच ओळीची वाट बघत होते. ती आली. मी म्हटलं, "थांब. ते पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचलं. मी अजून एकदा वाचायला लावलं. मग काखेतल्या गाठींची ओळ. तीन काढलेल्या, त्यातल्या एकीत.

"बोला," ती म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता.

"छातीत काही उरलेलं नाही. काखेतल्या एका गाठीत अगदी थोडं उरलंय. त्यावर आणखी औषध देतील. म्हणजे चांगलं आहे. पुरतं संपलेलं नाही, पण चांगलं आहे. डॉक्टरांकडून पक्कं करून घे."

मग तिने लांब कुणाला तरी हाक मारली, दार वाजलं, दप्तरं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मिस शैला," ती म्हणाली, "मुलं शाळेला निघाली होती. मी त्यांना थांबवलंय. आता पुन्हा सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, उरलेल्या थोड्यासकट.